आत्याच्या शेळ्या

डोंगराच्या उतारावरचं रान वणव्यात जळालं, तेव्हा कॉलेजच्या मुलांनी तिथे पुन्हा झाडं लावायचं ठरवलं. त्यांची म्होरकी होती शिडी. उंचीमुळे हे नाव पडलं होतं आणि तिने ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. सुट्टीभर खड्डे खणून सगळ्यांच्या हातांना फोड आले, पण रोपं लागली.

पुढच्याच आठवड्यात बरीचशी रोपं शेंड्यापासून खुडलेली दिसली. खाली लेंड्या पडल्या होत्या. मुलांनी पाळीपाळीने राखण सुरू केली.

शिडीच्या पाळीला शेळ्या आल्या. त्यांच्यामागून काठी टेकत तिची सख्खी आत्या आली. आई गेल्यावर शिडीला तिनेच वाढवलं होतं.

"आत्या, इथे नको चारूस."

"मग कुठे चारू? तुझ्या कॉलेजात?"

"रोपं मरतायत गं."

"यांच्या दुधावर तू ताडमाड वाढलीस. तेव्हा यांनी काय हवा खाल्ली?"

शिडीने शेळ्या खाली घरापर्यंत हाकलल्या.

दुसऱ्या दिवशी तिने मित्रांना सगळं सांगितलं.

"म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं," एकजण म्हणाला. कुणी हसलं नाही. वनखात्याकडे तक्रार करावी, असं दोघातिघांचं मत पडलं.

"करा," शिडी म्हणाली. "पण आधी मला बाईंशी बोलू द्या."

वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी ऐकून घेतलं. रोपांभोवती माजलेलं गवत तसंही काढायलाच हवं होतं. ते आत्याने कापून न्यावं, शेळ्या मात्र दारात बांधाव्यात, असं ठरलं.

आत्याला ते पटलं नाही. "या वयात डोक्यावर भारे वाहू?"

"मी वाहीन."

"चार दिवस वाहशील."

शिडी वाहत राहिली. केसांत कुसळं घेऊन कॉलेजात यायची, पहिल्या तासाला डुलक्या काढायची. परीक्षा जवळ आली, तेव्हा बाकीच्यांनी आपण होऊन भाऱ्यांच्या पाळ्या लावून घेतल्या. आत्या त्यांना पाणी द्यायची आणि गाठ सैल बांधली म्हणून सुनवायची.

निम्मी रोपं जगली. कापून आणलेल्या गवतावर सगळ्या शेळ्यांचं पोट भरेना, म्हणून आत्याने त्यांतल्या दोन विकल्या. त्यावरून ती शिडीला एका शब्दानेही बोलली नाही, पण त्या दिवशी जेवलीही नाही. शिडीने तिचं ताट झाकून ठेवलं आणि विळा घेऊन ती डोंगराकडे गेली.