खाण्यासाठी नाही

फोन वाजला तेव्हा ग्लेनिस हॉवर्थ मेणावर जायफळ किसत होती.

"नंबर ओळखीचा नाही," तिचा नवरा बर्नार्ड म्हणाला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून तो खोक्यांच्या बुडाला लेबलं चिकटवत होता. "गिऱ्हाईक असेल. सांग, आत्ताच भट्टीतून काढलीत म्हणावं."

"गप रे. आणि ते वाकडं लावू नकोस. धोक्याचं उद्गारचिन्ह नीट दिसलं पाहिजे."

"दिसतंय. माझ्या आईच्या पत्रांतसुद्धा एवढी उद्गारचिन्हं नसायची."

टेबलावर मेणाची कस्टर्ड टार्टं ओळीने मांडलेली होती. कडेला बिस्किटी रंगाचं मेण, आत पिवळं मऊ मेण, मधोमध वात. पृष्ठभाग थिजत आला की वरून खऱ्या जायफळाची चिमूट टाकायची, म्हणजे ती जागच्या जागी बसते, ही ग्लेनिसची स्वतःची युक्ती होती. तिने हात पुसले आणि फोन घेतला.

"टार्टच्या मेणबत्त्या करता, त्या तुम्हीच का?" बाईचा आवाज होता. मागे चाकांची गाडी ढकलल्याचा खडखडाट येत होता. "खोक्यावर हा नंबर आहे."

"हो, मीच. बोला ना."

"माझ्या बाबांनी तुमची मेणबत्ती खाल्लीय."

ग्लेनिसला आधी हसूच आलं. कुणी तरी गंमत करतंय असं वाटलं, आणि ते हसू घशात अर्ध्यावर असतानाच तिला कळलं की मागे चाललेली धावपळ हॉस्पिटलची आहे.

"खाल्ली म्हणजे?"

"म्हणजे खाल्ली! चमच्याने! थांबा, नर्सला बोलायचंय."

नर्सने एकामागून एक प्रश्न विचारले. ग्लेनिसने खणातून सुगंधी तेलाचं सुरक्षा-पत्रक काढलं. चष्मा डोक्यावर होता आणि ती तो टेबलावर शोधत होती. बर्नार्डने उठून तो तिच्या नाकावर ठेवला. शंभरात आठ भाग तेल, बाकी सोयाचं मेण, तिने वाचून दाखवलं. तेलात काय काय आहे तेही वाचलं. पोटात गेल्यास उलटी करवू नये, हे वाचताना तिचा आवाज बदलला.

"नाही करवली," नर्स म्हणाली. "आणि वात?"

"सुती आहे. पण..." ग्लेनिसने टेबलाची कड धरली. "वातीच्या बुडाला पत्र्याची चकती असते. गोल. धारेची."

पलीकडे बोलणं झालं. मग पुन्हा मुलगी फोनवर आली. "वात बशीत आहे. चकतीसकट. माशाचा काटा ठेवावा तशी बाजूला काढून ठेवलीय त्यांनी." ती थांबली. "हे बघा, तुम्ही ओळखता का त्यांना? काय खाल्लंत विचारलं, तर सारखं एकच म्हणताहेत. ग्लेनिसचं टार्ट, ग्लेनिसचं टार्ट. मी खोकं कचऱ्यातून काढलं, तर खाली तुमचंच नाव."

"कोण तुमचे बाबा?"

"सिरिल बूथ."

बर्नार्डने तिच्या हातातला फोन काढून घेतला, कारण तो पडणार होता.

*

एल्डरब्रिजच्या शाळेत ग्लेनिसने अर्धं आयुष्य काढलं. ती स्वयंपाकघरात आणि सिरिल बूथ शाळेचा राखणदार. बॉयलर, फुटलेल्या काचा, तुंबलेली गटारं, सगळं त्याच्याकडे. मुलांची जेवणं आटोपली की तो वाढपाच्या खिडकीशी येऊन कोपर टेकायचा. गुरुवारी टार्ट असे, खुसखुशीत कडेत भरलेलं दूध-अंड्याचं कस्टर्ड. ती त्याच्यासाठी कोपऱ्यातला, कड जास्त असलेला तुकडा काढून ठेवायची. तो पहिला घास घेऊन डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "आज जरा कोरडं झालंय गं."

"मग ठेवा खाली. डुकरांना घालीन."

"असू दे. तू केलंयस, आता खातो कसंबसं."

ताटली पुसून काढल्यासारखी परत यायची.

पुढे जेवणं दुसऱ्या गावाहून गाडीने येऊ लागली आणि स्वयंपाकघर बंद झालं. सिरिल निवृत्त झाला, मग विसरू लागला, मग वृद्धाश्रमात गेल्याचं कुणी तरी सांगितलं. भेटायला जायचं ग्लेनिसच्या मनात होतं. ते मनातच राहिलं.

मेणबत्त्या तिने हाताला चाळा म्हणून सुरू केल्या. नियम मात्र तिने चाळा म्हणून घेतले नाहीत. प्रत्येक वासाचं पत्रक वेगळं, प्रत्येक लेबल वेगळं. धोक्याचा चौकोन केवढा हवा, कुणाला अंगावर पुरळ येऊ शकतं, करणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन. एका वासाला, पाण्यातल्या जिवांना घातक म्हणून, मेलेल्या माशाचं चित्र लावावं लागलं, तेव्हा तिने तो वासच सोडून दिला. चर्चच्या हॉलमधल्या बाजारात इतर बायका तिला लेबलं विचारायला येत. आणि टार्ट पाहून प्रत्येक जण तेच म्हणे, अगदी खावंसं वाटतंय. तिला ते ऐकायला आवडायचं.

आणखी एक नियम होता. मेणबत्त्यांच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईने तो शेवटी, घाईघाईत सांगितला होता. वस्तू खाण्याच्या पदार्थासारखी दिसत असेल आणि कुणी ती चुकून तोंडात घालेल, तर ती विकायचीच नाही. मग लेबल कितीही पक्कं असो. ग्लेनिसने तो ऐकला होता. लहान मुलांसाठी असेल, असं तिने ठरवलं, आणि लेबलवर एक ओळ वाढवली: खाण्यासाठी नाही.

*

वॉर्डबाहेर हेदर बूथ कोटाची बटणं काढत आणि लावत उभी होती. तिने ग्लेनिसला ओळखलं नाही. नाव ऐकल्यावर तिचा चेहरा ताठ झाला.

"अन्ननळीत गोळा अडकला होता. काढला आत्ता. फुप्फुसात किती गेलंय ते उद्या कळेल म्हणतात."

"मी लेबलवर..."

"लेबल!" हेदर म्हणाली. "केवढ्या अक्षरात? कुठे? खोक्याच्या बुडाला! मी खोकं फेकून दिलं आणि टार्ट ठेवलं खिडकीत. वृद्धाश्रमात पेटवायची परवानगी नाही, म्हटलं नुसता वास राहू दे खोलीत. त्यांना बरं वाटेल. मीच ठेवलं ना. मीच!" तिने तोंडावर हात घेतला.

बर्नार्डने खुर्ची पुढे केली. कुणीच बसलं नाही.

"मला ते नर्स समजतात," हेदर म्हणाली. तिचा आवाज आता साधा झाला होता. "दर रविवारी येते मी. 'थँक यू, सिस्टर' म्हणतात. आणि तुमचं टार्ट ओळखलं. मेणाचं असून ओळखलं."

ग्लेनिस आत गेली.

सिरिल उशांना टेकून बसला होता. नाकाशी नळी होती. ग्लेनिसला पाहून त्याने डोळे बारीक केले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आज फारच कोरडं झालं होतं गं."

ती पलंगाजवळ गेली.

"मग टाकलं का नाहीत, सिरिल?"

तिने वेड्यासारखा प्रश्न विचारल्यागत त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू केलेलं?"

*

फुप्फुसात थोडंसंच गेलं होतं. ताप आला, वाढला, आठवडाभर हटला नाही. तो उतरला तेव्हा सिरिलला गिळायला जमेनासं झालं होतं. यापुढे सगळं मऊ, गाळलेलं, चमच्याने भरवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. टार्टची कड त्याच्या आयुष्यातून गेली.

ग्लेनिसने स्थानिक कौन्सिलला स्वतःहून कळवलं. तिथून आलेली बाई मऊ बोलणारी होती. "लेबल अगदी बिनचूक आहे हो तुमचं," ती खोकं उलटं करून म्हणाली, आणि ग्लेनिसला वाटलं की ओरडली असती तर बरं झालं असतं. विकलेली टार्टं परत मागवायची ठरली. बर्नार्डने घरोघरी जाऊन ती आणली. उरलेली सगळी टार्टं ग्लेनिसने जुन्या पातेल्यात घातली. कडा, पिवळं मेण, सगळं एकत्र वितळून चिखलाच्या रंगाचं झालं. जायफळ तळाशी बसलं. स्वयंपाकघरात इतका सुंदर वास सुटला की ती मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

सिरिल वृद्धाश्रमात परतल्यावरच्या पहिल्या गुरुवारी तिने दूध तापवलं, अंडी फेटली, साखर घातली, कस्टर्ड दोनदा गाळलं. जायफळाचा फक्त अर्क पाण्यात उतरवून घातला. वृद्धाश्रमात घरचं काही न्यायचं तर भांड्यावर चिठ्ठी लागते: काय आहे, कशाचं आहे, कुणी केलं, कधी केलं. ग्लेनिसने ती लिहिली. खाली जागा उरली. तिथे तिने मोठ्या अक्षरात लिहिलं: खाण्यासाठी. आणि चिठ्ठी बुडाला न लावता झाकणावर लावली.

हेदर आधीच आलेली होती. तिने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, आणि वडिलांच्या गळ्याशी रुमाल लावला.

ग्लेनिसने चमचा भरला. तिने तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला, जिभेवर फिरवला, गिळला. दुसरा भरला, तोही स्वतःच खाल्ला. चवीत काही वावगं नव्हतं. दूध होतं, अंडी होती. तरी तिसरा चमचा भांड्याच्या कडेशी थांबला.

"सगळं तूच संपव," सिरिल म्हणाला.

हेदर हसली आणि लगेच खिडकीकडे वळली.

सिरिलने झाकणाकडे पाहिलं नाही. चमच्यात काय आहे तेही पाहिलं नाही. त्याने ग्लेनिसकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. चमचा येईपर्यंत ते तसंच उघडं धरून ठेवलं.

त्याने बराच वेळ घोळवलं. गिळताना गळ्याची घाटी वर गेली, थांबली, खाली आली. ग्लेनिसचा श्वास घाटीसोबत वर गेला आणि खाली आला.

"जरा पातळ झालंय," तो म्हणाला, आणि पुन्हा तोंड उघडलं.