खरवडलेली जीभ

मी भित्री आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पुण्यात असताना गॅस बंद केला का ते बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत यायची. जपानात फुनाबोरीला राहायला आलो तर इथला गॅस आपोआप बंद होणारा निघाला, मग मी भूकंपाला घाबरायला लागले. माझा नवरा शिरीष म्हणायचा, "हिची भीती कमी होत नाही, नुसती बदलून मिळते." म्हणून लिन-सेन्सेईंच्या, म्हणजे लिनबाईंच्या, वर्गाचं पत्रक त्यानेच स्टेशनवरून उचलून आणलं, तेव्हा मला जरा नवल वाटलं.

पत्रकावर एक बाई जीभ बाहेर काढून उभी होती. चेहरा, जीभ आणि नाडी बघून घरच्यांची प्रकृती ओळखायची आणि तसं जेवण करायचं, असा तो वर्ग होता.

"जा की," शिरीष म्हणाला. "घरात बसून भूकंपाची वाट बघण्यापेक्षा काहीतरी शीक."

"मला धड जपानी येत नाही."

"जीभ दाखवायला जपानी कशाला लागतं?"

ते दोन हजार सहा साल होतं, फेब्रुवारी महिना. तोयोसुच्या ऑफिसात शिरीषच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष चालू करणं, एप्रिलवर आलं होतं आणि तो शनिवारीही कामावर जात होता. आमची मुलगी नेत्रा दुसरीत होती. मी मराठीत विचारायची, ती जपानीत उत्तर द्यायची. अशात मला हात धरून काही शिकवणारं कुणी असेल तर बरंच, असं म्हणून मी गेले.

लिन-सेन्सेई चीनमधल्या दालियानच्या. तिकडे त्या डॉक्टर होत्या, पण इथे त्यांना औषध द्यायची परवानगी नव्हती, म्हणून दर शनिवारी सकाळी स्टेशनसमोरच्या हॉलमधल्या स्वयंपाकघरात त्या आम्हा बायकांना पेज शिकवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना खिडकीशी उभं करून जिभा काढायला लावल्या. माझ्यापाशी येऊन त्या थांबल्या.

"सकाळी जीभ खरवडली?"

मी अभिमानाने हो म्हटलं. लहानपणापासूनची सवय, तांब्याच्या पट्टीने रोज, अगदी मुळापर्यंत.

"पाटी पुसून आलात," त्या म्हणाल्या. "आता मी काय वाचू?"

बाकीच्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण सेन्सेईंचं म्हणणं पटलं. जिभेवरचा थर म्हणजे घाण नाही, आत काय चाललंय त्याची ती खूण. ती पुसायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. बघायचं ते सकाळच्या उजेडात, चहाकॉफीच्या आधी, हा दुसरा. आणि तिसरा, जे दिसलं ते लगेच समोरच्याला सांगायचं नाही. घाबरलेल्या माणसाची नाडी खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं. हा तिसरा नियम माझ्या स्वभावातच नव्हता.

घरी येऊन मी तिघांच्या पट्ट्या जप्त केल्या आणि मसाल्याच्या खणात मागे टाकल्या. खालच्या मजल्यावरच्या स्नेहलताताई ठाण्याच्या. त्यांना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाडी बघायला आपल्याकडे वैद्य संपले होते का गं, चिनी बाईकडे जातेस ती?" पण दुसऱ्या दिवशी स्वतःच हात पुढे करून बसल्या.

रोज सकाळी खिडकीशी आमचा कार्यक्रम सुरू झाला. नेत्रा जीभ काढून "बेऽ" करायची आणि "मामा, हायाकु", म्हणजे आई, लवकर, असं म्हणत पळायची. शिरीष मात्र मी हाक मारायच्या आधीच येऊन बसायचा. डोकं दुखलं तरी बाम लावून न घेणारा हा माणूस, शर्टाची बाही वर करून डावा हात माझ्या मांडीवर ठेवायचा. "बघ, इंजिन काय म्हणतंय."

मला सुरुवातीला काही कळत नव्हतं. मनगटावर तीन बोटं ठेवायची, आधी हलकी, मग दाबून. डाव्या हाताला पहिल्या बोटाखाली हृदयाची जागा, हे मी त्याला सेन्सेईंच्या थाटात समजावून सांगितलं होतं. आणि काही कळलं नाही की मी म्हणायची, "छान आहे. काही नाही." तेवढ्याने त्याचा चेहरा खुलायचा, पोहे परत मागून घ्यायचा. मला वाटायचं, माझं मन राखतोय. नवऱ्याने एवढं केलं की बाई खूश असते, मीही होते.

मार्चमध्ये माझी बोटं ऐकायला लागली. एका सकाळी ठोका, ठोका, ठोका असं चाललं होतं आणि मध्येच काही नाही. अंधारात जिना उतरताना एक पायरीच नसावी तसं. मग एक जोरात ठोका, आणि पुन्हा सरळ. मी श्वास धरून बसले. पुन्हा एक पायरी गेली.

"जीभ काढ," मी म्हटलं. जीभ कडेने जांभळट होती आणि वर पिवळा जाड थर. मान उजेडाकडे वळवली तर ओठांभोवती निळसर छटा. ही छटा कधीची होती कोण जाणे, मी रोज त्या ओठांकडेच बघत होते.

"शिरीष, तुझी नाडी चुकतेय."

त्याने हात काढून घेतला. इतक्या झटकन की माझी बोटं हवेतच राहिली. "तुझी बोटं चुकत असतील. कालपर्यंत छान होती ना?"

त्या शनिवारी वर्ग संपल्यावर मी सेन्सेईंना गाठलं. मोडक्या जपानीत सगळं सांगितलं. त्या पातेल्यात पळी फिरवत होत्या, ती त्यांनी बाजूला ठेवली. "मी इथे पेज शिकवते, नयना-सान. हे पेजेचं काम नाही. हॉस्पिटलमध्ये जा. मशीनवर बघू दे."

मशीन हा शब्द त्यांच्या तोंडून येईल असं मला वाटलं नव्हतं. तोवर मला आतून वाटत होतं की त्या हसतील, आणि म्हणतील नवशिक्यांना असं होतं.

घरी शिरीष ऐकेना. "गो-लाइव्ह झाल्यावर जाऊ."

"आज जाऊ."

"नयना, डोकं वापर. हॉस्पिटल म्हणजे इन्शुरन्स, इन्शुरन्स म्हणजे एचआर, आणि मग क्लायंटकडचे वातानाबे-सान. ऑनसाइटचा माणूस आजारी निघाला की क्लायंट रिप्लेसमेंट मागतो. सत्यजितचं काय झालं माहितीये ना? पोटाचं ऑपरेशन झालं आणि टाके सुकायच्या आत त्याला पुण्याच्या विमानात बसवलं. नेत्राची शाळा आहे, पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते आहेत."

"आणि तू नसलास तर फ्लॅटचं काय लोणचं घालू?"

हे मी रागात बोलून गेले. मग तोच समजुतीने म्हणाला, "तुझ्या सेन्सेईंची पेज दे मला. आठवडाभर बघ. जीभ, नाडी सुधारली नाही तर तू म्हणशील तिथे येतो."

मी लाल खारका, कमळकाकडी, तांदूळ असं शिजवत बसले आणि त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. नजर ठेवली की सगळंच दिसायला लागतं. स्टेशनच्या जिन्यात मध्येच थांबून तो बुटाची लेस बांधायचा, आणि लेस सुटलेली नसायची. बोलताना वाक्याच्या मध्ये श्वास घ्यायचा. झोपेत त्याचा श्वास जरा लांबला की मी त्याच्या छातीवर हात ठेवायची आणि हात हलेपर्यंत माझाच श्वास अडकायचा. मला त्या वर्गाचा राग यायला लागला. न शिकते तर निदान झोपले असते.

आणि मग एका सकाळी जीभ स्वच्छ निघाली. गुलाबी, ओलसर, वर काही नाही. गाल लालसर, ओठ लाल. "बघ लवकर, ट्रेन आहे," म्हणत त्याने उजवा हात पुढे केला. मी बोटं टेकवली. ठोक्यामागून ठोका, एकही पायरी गेलेली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी देवासमोर दिवा लावला, शिरा केला, स्नेहलताताईंना वाटीभर पोचवला. शनिवारी सकाळी तर मी गुणगुणत वर्गाला गेले, शिरीष नंतर नेत्राला ताईंकडे सोडून ऑफिसला जाणार होता.

सेन्सेईंना मी अभिमानाने सांगितलं, तुमच्या पेजेने थर गेला.

"किती दिवसांत?"

"एका रात्रीत."

त्यांनी हात पुसले. "थर असा जात नाही. कडेने विरत जातो, हळूहळू. एका रात्रीत गेला तर दोनच गोष्टी असतात. एक म्हणजे आतलं सगळं संपत आलंय."

दुसरी त्या बोलल्या नाहीत. नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, पहिल्या दिवशी बघितलं होतं तशा. त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हणाले, "खरवडली."

पेजेची वाटी तशीच टाकून मी घरी आले. मसाल्याचा खण ओढला. दोन पट्ट्या कोरड्या होत्या, तिसरी ओली.

मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मला फसवलं, शिरा खाल्ला, वर अजून मागितला. त्याला काय काय सुनवायचं ते जुळवत मी बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारायला गेले. आत बसायचं प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल दिव्याखाली ओढलेलं होतं. कडेला पिळून ठेवलेला टॉवेल अजून गरम होता. आणि त्याच्या शेजारी शिरीषचं घड्याळ.

झोपतानाही घड्याळ न काढणारा माणूस. आंघोळीच्या जागी घड्याळ कशाला लागतं?

कळायला क्षणभर लागला. जीभ खरवडता येते. गाल गरम टॉवेलने चोळून लाल करता येतात. पण नाडी? नाडी सरळ असताना हात पुढे करायचा तर ती कधी सरळ आहे हे आधी स्वतःला माहीत हवं. म्हणजे रोज सकाळी हा माणूस इथे दार लावून बसत होता. मी शिकवलेली तीन बोटं मनगटावर, डोळे सेकंदकाट्यावर. नाडी जरा वेळ नीट चालेपर्यंत बसायचा आणि मग धावत येऊन म्हणायचा, बघ लवकर. मला ज्या पायऱ्या चुकल्याच्या कळल्या त्या मोजक्याच. त्याने सगळ्या मोजल्या होत्या, एकट्याने, या स्टुलावर बसून. माझा राग कुठल्या कुठे गेला.

फोन लावला, वाजत राहिला. खाली ताई म्हणाल्या, "आत्ताच गेले की. नेत्राला सोडलं, जिन्यात जरा टेकले आणि गेले. का गं?" मी उत्तर द्यायला थांबले नाही.

फुनाबोरीचा प्लॅटफॉर्म वर आहे. मी पोचले तेव्हा एक ट्रेन सुटत होती आणि माणसं तिच्यात शिरून गेली होती. बाकावर एकटा शिरीष बसला होता. बॅग पायाशी, डावी बाही वर सरकवलेली, मनगटावर तीन बोटं. त्याला मी दिसले नाही. पुढची ट्रेन आली, दारं उघडली, बंद झाली. तो उठला नाही.

मी शेजारी जाऊन बसले. त्याला मी कशी आले याचं नवल वाटलं नाही. चेहरा राखेच्या रंगाचा होता आणि कपाळावर घाम. त्याने डावा हात माझ्या मांडीवर ठेवला.

"तूच बघ," तो म्हणाला. "मला सापडत नाहीये."

हात गार होता. मी बोटं ठेवली आणि मला धडधड ऐकू आली, पण ती माझीच होती. माझ्या बोटांच्या टोकांत माझं काळीज एवढं वाजत होतं की त्याचं काही लागेना. मी दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, जमीन हलली तेव्हाही नाही. मग खूप खाली काहीतरी लागलं. बारीक, पळणारं, पळता पळता थांबणारं. मी उभी राहून स्टेशनच्या माणसाला हाक मारली, "क्यूक्यूशा, क्यूक्यूशा," आणि हात मात्र सोडला नाही.

ॲम्ब्युलन्स आली. आत एक तरुण माणूस त्याच्या छातीला वायरी लावत मला विचारत होता, हे केव्हापासून? मी "मार्च" म्हणायला तोंड उघडलं.

"डिसेंबरपासून," शिरीष मास्कच्या आतून जपानीत म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. वर्ग तर फेब्रुवारीत सुरू झाला होता.

"पत्रक मीच आणलं ना," तो मराठीत म्हणाला. श्वास घ्यायला थांबला. "डॉक्टरकडे जाता येत नव्हतं. म्हटलं, तू हात बघशील. आणि म्हणशील, छान आहे, काही नाही."

आणि मी म्हणाले होते. कितीतरी सकाळी, काही कळत नसताना, मी तेच म्हणाले होते आणि तो पोहे परत मागून खात होता.

त्या मुलाने मशीनकडे बघून पुढे बसलेल्या माणसाला घाईने काहीतरी सांगितलं. ते शब्द मला येत नव्हते. गाडीचा वेग वाढला. शिरीषने डोळे माझ्याकडे वळवले आणि हात पुन्हा माझ्या बोटांखाली सरकवला.

"आता काय म्हणतंय?"

मी तीन बोटं ठेवली, आधी हलकी, मग दाबून. जे लागलं ते लागलं. सेन्सेईंचा तिसरा नियम त्या दिवशी मी पहिल्यांदा पाळला.

"छान आहे," मी म्हटलं. "काही नाही."