चौथी पट्टी

संग्रहालयात तिला सगळेच मावशी म्हणत. खरी भाची तेवढी एकच. मेणाची फळं, कागदाच्या लगद्याचे बेडूक, पेंढा भरलेले पक्षी असं काय काय तिने चाळीस वर्षं तिथे घडवलं होतं. निवृत्त होऊन घरी बसली न बसली, तोच मुलांसाठी निसर्गदालन उभारायचं काम भाचीकडे आलं आणि भाचीने तिला पुन्हा ओढून आणलं.

"तुझ्याशिवाय या कपाटांत काय दडलंय ते भुताला तरी ठाऊक आहे का?"

दालन छान जमत होतं. पोकळ झाडात रांगत शिरायचं, बुंध्याला कान लावला की सुतारपक्ष्याची टकटक. मधोमध काचेखाली खरंखुरं घरटं, आत तीन ठिपकेदार अंडी, शेजारी संग्रहालयातली जुनी चिठ्ठी. खाली प्रश्न होता: हे घरटं पक्ष्याने का सोडलं असेल? पुढे तीन लाकडी पट्ट्या: वादळ, साप, आग. बरोबर पट्टी ओढली की हिरवा दिवा. दालनाला सरांचं नाव द्यायचं होतं. मावशीला हे काम हात धरून शिकवलं ते सर. ते आता नव्हते. रविवारी त्यांच्या पत्नी, बाई, फीत कापणार होत्या.

गुरुवारी चाचणीसाठी शाळेतली मुलं आली. एका चष्मेवाल्या मुलीने वादळाची पट्टी ओढली. दिवा लागला, पण ती हलेना.

"वादळात अंडी फुटली कशी नाहीत?"

"चिठ्ठीवर लिहिलंय ना, सोडलेलं घरटं म्हणून," मावशी म्हणाली.

"पण लिहिणाऱ्याला कसं कळलं?"

चिठ्ठी मावशीनेच लिहिली होती. पक्ष्याने सोडलेलंच घरटं आणायचं, असा तेव्हा नियम होता. त्यामुळे आणलेलं प्रत्येक घरटं चिठ्ठीवर सोडलेलंच ठरायचं. या घरट्यात मात्र मादी अंड्यांवर बसली होती. सरांनी फांदीवर करवत चालवली, तिने टोपली धरली. मादी ओरडत पार पुलापर्यंत गाडीमागे आली. "लिही, सोडलेलं," सर म्हणाले होते, आणि तिने वळणदार अक्षरात लिहिलं होतं.

मुलं गेल्यावर तिने भाचीला सगळं सांगितलं. भाचीने कपाळावर हात मारला.

"वादळ तर मी त्या चिठ्ठीवरून अंदाजाने ठरवलं! आणि हे तुला आज आठवतंय?"

"आठवत होतं गं. विसरले कधी?"

"मग घरटंच काढून टाकू. झाकली मूठ सव्वा लाखाची. दारावर सरांचं नाव लागतंय, मावशी."

"घरटं राहील. चौथी पट्टी कर. माणसांनी नेलं."

"आणि कोणत्या माणसांनी, असं त्या चष्मेवालीने विचारलं तर?"

पट्टी मावशीने स्वतःच तासली, कडा घासून गुळगुळीत केल्या, दिव्याची तार तिकडे वळवली. मग नवी चिठ्ठी लिहायला बसली. 'हे घरटं मी आणि' इथवर लिहिलं आणि पेन अडलं. एकटीचं नाव लिहावं, तर पुन्हा खोटंच. शेवटी तिने बाईंना फोन लावला आणि जे होतं ते सांगितलं.



"तुला त्यांनी मुलीसारखं वागवलं," बाई म्हणाल्या.

"हो बाई."

"ते असते तर तुझी हिंमत झाली असती का?"

"नसती झाली."

"मग आता मला कशाला विचारतेस?"

"तुम्हाला रविवारी तिथे सगळ्यांसमोर वाचावं लागू नये म्हणून."



"लिही तू," त्या म्हणाल्या. "खरं असेल ते लिही. फीत कापायला मात्र दुसरं कोणीतरी बघ. आणि मला पुन्हा फोन करू नकोस."

फोन ठेवल्याचा आवाज आला. भाची दारात उभी होती. मावशीने पेन उचललं आणि 'सरांनी' हा शब्द लिहिला. मग वाक्य पुरं केलं, जुनी चिठ्ठी काढली आणि ही नवी काचेखाली घरट्याशेजारी ठेवली.