चौथ्या मीटरखालची वाळू

घर घ्यायला निघालेली आपली माणसं फरशी कोणती, गॅलरी केवढी, हे दहादा विचारतात. खाली जमीन कशी आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. आपल्या मराठवाड्यात समजच तसा पक्का: वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. जेसीबीनं एक खड्डा घेतला, मुरूम दिसला, नारळ फोडला, झालं!

नांदेडात माती तपासणीची प्रयोगशाळा चालवणाऱ्या जाहिदासमोर गोदाकाठच्या अशाच एका जागेचे आकडे होते. तिथं चोवीस फ्लॅट होणार होते. कडेला मुरूम होता, पण मधोमध नदीच्या जुन्या पात्राची वाळू. पाणी दोन मीटरवर. चौथ्या मीटरपासून खाली तपासणीची लोखंडी नळी हातोड्याच्या चार-पाच ठोक्यांतच फूटभर आत जात होती; घट्ट जमिनीत तीस-चाळीस ठोके लागतात. मोठा भूकंप झाला तर ही ओली, सैल वाळू पिठल्यासारखी पातळ होणार आणि इमारत एका अंगावर खचणार.

जागेचा मालक होता दयानंद. ते नाव वाचताच जाहिदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षांपूर्वी लोहा गावात त्यानं बांधलेलं सभागृह खचलं. तेव्हा ठोके मोजणाऱ्या तिच्या वडिलांवर, चांदपाशांवर त्यानं खापर फोडलं. "याला मोजताच येत न्हाई," असं चारचौघांत म्हणाला. पुढं चांदपाशांना कोणी कामावर बोलावलं नाही.

तोच दयानंद आता समोर बसला होता.

"मॅडम, खाली दगडच हाय. जागा चांगली हाय, एवढं लिहून टाका."

"लिहिते की!" जाहिदा गोड हसली. खचू दे त्याची इमारत, जाऊ दे त्याला तुरुंगात! त्यात आपलं नाव बुडालं तरी तिला चालणार होतं.

घरी तिनं तो खोटा अहवाल वडिलांसमोर मोठ्या आनंदानं ठेवला. चांदपाशांनी आकडे पाहिले आणि चष्मा काढला.

"बेटा, हे काय करून राहिलीस?"

"तुमचा सूड घेतेय, अब्बा!"

"आन् त्या घरात दयानंद राहणार हाय का?"

जाहिदाची नजर अहवालातल्या चोवीस फ्लॅटांच्या आकड्यावर गेली.

"त्र्याण्णवला लातूरकडं भूकंप झाला, तवा मी मदतीला गेलतो. ढिगाऱ्याखालून सतरा माणसं काढली. त्यातली निम्मी लेकरं व्हती. त्यांनी कुठं रचल्या व्हत्या त्या भिंती? लई राग हाय मलाबी त्या माणसाचा. पण माझ्या नावानं लेकरं गाडू नको!"

जाहिदानं अहवाल टराटरा फाडला. आपण काय करायला निघालो होतो! तिला स्वतःचीच भीती वाटली. राग मात्र तसूभर कमी झाला नव्हता.

तिनं खरा अहवाल लिहिला. दयानंद खवळला. "आकडे खोटे हायत!" म्हणाला.

"मग सगळ्यांसमोर पुन्हा मोजू," ती म्हणाली, "घर घेणाऱ्यांनाही बोलवा."

रविवारी जागेवर साठेक माणसं जमली. मधोमध नळी चौथ्या मीटरवर पोचली आणि यंत्राचा हातोडा नुसता टेकवला, तशी नळी आपसूक खाली गेली. या वेळी तर एकही ठोका लागला नाही! माणसं पुढं सरकून नळीकडं वाकून पाहू लागली. तिथं फ्लॅट घेणार म्हणून मुखेडहून आलेल्या तुळजाबाई नर्स पुढं झाल्या.

"दयानंदशेठ, ह्या वाळूवर तुमी तुमच्या नातवाला निजवाल का?"

दयानंदला घाम फुटला. त्याची ती फजिती जाहिदानं डोळे भरून पाहिली. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं! खाली दगडापर्यंत खांब नेल्याशिवाय वीटही रचणार नाही, असं त्याला सगळ्यांसमोर लिहून द्यावं लागलं.

बंधुभगिनींनो, सूड माणसाला आंधळं करतो. तो उगवायच्या नादात निरपराध माणसं चिरडली जातात. अन्यायाचा हिशेब चुकता करायचाच असेल, तर सत्य चारचौघांत मांडा. आणि घर घेताना फरशीआधी मातीचा अहवाल मागा. तो मागायला लाजू नका, कारण त्या छताखाली तुमचीच लेकरं झोपणार आहेत.