बाबांची वाकडी सही

बाबांचे हात थरथरायला लागले आणि त्यांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल माझ्याकडे आलं. टेबलाबरोबर त्यांची सहीही आली. बँकेत, वीजबिलाच्या अर्जावर, टपालाच्या पोचपावतीवर, आठ वर्षं मीच त्यांची सही ठोकत आले. कुणाला काडीचा संशय आला नाही. मला त्याचा अभिमान होता, मूर्ख मी.

मृत्युपत्रावर मात्र बाबांनी हट्टाने स्वतः सही केली. दुकान आणि मागची खोली मुलीला. पाव तास लागला, अक्षरं पार लोळली. साक्षीला त्यांचे दोन मित्र होते. दोघेही त्यांच्याआधीच गेले.

काल दादाच्या वकिलांच्या टेबलावर ती वाकडी सही एकीकडे आणि माझ्या सुबक सह्या दुसरीकडे. वकील म्हणाले, ही वाकडी खोटी आहे. फसवणुकीची तक्रार नको असेल तर मुकाट्याने हक्क सोडा. म्हणजे खरी तेवढी खोटी ठरली! बाकीच्या माझ्या आहेत, एवढं सांगायचा अवकाश होता. जे व्हायचं ते झालं असतं, पण दुकान वाचलं असतं. घड्याळांशिवाय मला दुसरं येतंय काय? मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादाने पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला.

दादा भांडून घराबाहेर पडला, तेव्हापासून बाबांनी त्याचा विषयही काढू दिला नव्हता. मलाच राहवेना. दर वाढदिवसाला मी त्याला बाबांच्या नावाने पत्र टाकायचे, त्यांच्याच अक्षरात.

"ही बघा बाबांची सही," दादा वकिलांना म्हणाला. "माफ केलं होतं त्यांनी मला. शेवटपर्यंत लिहीत होते." आणि पन्नाशीचा बाप्या ढसाढसा रडायला लागला.

राग आला, भयंकर आला, पण काढणार कुणावर? वकिलांनी हक्कसोडपत्र पुढे सरकवलं. मी सही केली, यावेळी माझ्या नावाची.

निघताना दादाने डोळे पुसले. "मागच्या खोलीत महिनाभर राहा तू. तुझ्यासाठी नाही म्हणत मी. बाबांनी दर पत्रात लिहिलंय, बहिणीला अंतर देऊ नकोस म्हणून."

ते वाक्य मी दर वर्षी शेवटी घालायचे, सहीच्या अगदी वर.