नियम क्रमांक सात

"साब, आपका एक ट्रक आया था," गेटवरच्या मोहनने सलाम ठोकून सांगितलं. "इत्ता बड़ा डब्बा. पलंग था कोई. मैंने लौटा दिया."

आणि शाबासकीची वाट पाहत तो उभा राहिला.

मनोहर पांढरीपांडे नुकतेच साकेत नगरच्या इस्पितळातून परतले होते. एका हातात बायकोच्या जेवणाचा रिकामा डबा, दुसऱ्या हातात एक्स-रेचं भलंमोठं पाकीट. रिक्षावाल्याला पैसे द्यायचे तर आधी काय खाली ठेवावं, या विचारात ते होते. मोहनचं बोलणं कानात शिरायला थोडा वेळ लागला.

"लौटा दिया?"

"सात नंबर, साब." मोहनने भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. "ड्राइवर तो बोला, पांडेजी का है, जाने दो. मैंने कहा, उन्हीं का तो नियम है."

फलकावर सातव्या ओळीत स्वच्छ लिहिलेलं होतं : जो पार्सल डिब्बे में न समाए, उसे गेट से ही लौटाया जाए. आणि तळाशी, आदेशानुसार, सचिव. सचिव म्हणजे मनोहररावच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? ते "ठीक है" एवढंच म्हणाले आणि घराकडे चालू लागले.

कोलार रोडवरच्या या रेवा विहार वसाहतीत शहाण्णव घरं. दोन वर्षांपूर्वी सामान पोचवणाऱ्या एका पोराने मोटारसायकल अशी काही पिटाळली, की एका बाईच्या पायावरून चाक गेलं. सभा भरली, आरडाओरडा झाला आणि ठरलं, की यापुढे पार्सलवाल्यांना आत पाऊल टाकू द्यायचं नाही. गेटजवळच्या भिंतीत शहाण्णव लोखंडी डबे बसवायचे, घरटी एक किल्ली. काम अर्थातच मनोहररावांच्या गळ्यात पडलं, कारण कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा वसाहतीत दुसरा माणूस नव्हता.

छप्पन्न साली राजधानी भोपाळला आली, तेव्हा नागपूरच्या कचेरीसोबत मनोहररावांचे वडील आले. कोटऱ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये मुलगा वाढला आणि पुढे स्वतःही सरकारी खात्याच्या जावक शाखेत चिकटला. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे कागद पाकिटात घातले, पत्ते लिहिले आणि रवाना केले. म्हणून वेल्डरने "डब्बा कित्ता बड़ा बनाना है?" असं विचारलं, तेव्हा त्यांना विचार करावाच लागला नाही. त्यांनी कपाटातून एक जुनी फुलस्केप फाइल काढली आणि त्याच्या हातात ठेवली. ही आडवी मावली पाहिजे, वर चार बोटं जागा. जगात येणारी-जाणारी प्रत्येक वस्तू त्यांनी जन्मभर त्याच मापाची पाहिली होती. कुणी प्रेशर कुकर घरपोच मागवेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

लोक कुकर मागवत होते, पंखे मागवत होते, तुपाचे डबे मागवत होते. सगळं गेटवरून परत जात होतं. शेवटी लोकांनी समोरच्या चहावाल्याचा पत्ता द्यायला सुरुवात केली. एकदा त्याच्या बाकावर तीन दिवस कुणाची तरी गादी पडून होती आणि गिऱ्हाइकं उभ्याने चहा पीत होती. मनोहरराव हलले नाहीत. उलट मोहनने एकदा भिडेखातर एक फ्रिज आत सोडला, तर त्यांनी त्याला रीतसर 'कारणे दाखवा' नोटीस दिली. बिचाऱ्याने उत्तर लिहून घ्यायला गल्लीतल्या चार दारांवर जाऊन हात जोडले होते. तेव्हापासून मोहन सात नंबरच्या नियमाला देवासारखा मानत होता.

खरं सांगायचं तर मनोहररावांना हे सचिवपद आवडत होतं. हिरव्या शाईने सही करायचा मान साहेबांचा. नोकरीत तो त्यांना कधी मिळाला नाही. सचिव झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी हिरवं पेन विकत आणलं.

कुलूप उघडून ते आत शिरले तोच पुण्याहून मेघाचा, त्यांच्या लेकीचा, फोन आला.

"बाबा, मला मेसेज आलाय. 'ग्राहकाने माल घेण्यास नकार दिला.' तुम्ही नको म्हणालात?"

"मी कशाला म्हणतोय! म्हणजे... मीच, पण तसा मी नाही." त्यांनी सगळं सांगितलं.

मेघा म्हणाली, "आईला शनिवारी सोडणार आहेत. तुमच्या त्या बुटक्या दिवाणावर तिला झोपवायचं नाही, पाठ वर उचलणारा उंच पलंगच हवा, असं डॉक्टरांनी मला फोनवर बजावून सांगितलंय. मी शुक्रवारी पुन्हा पाठवायला सांगते. पण शुक्रवारीही नाही आला, तर मी येते आणि आईला इकडे घेऊन जाते."

"किती दिवसांसाठी?"

"आता दिवस कसले मोजायचे, बाबा? तुम्हीही या."

फोन ठेवल्यावर मनोहरराव त्या बुटक्या दिवाणावरच बसून राहिले. काही दिवसांसाठी म्हणून मुलांकडे गेलेली चार घरं त्यांना वसाहतीत ठाऊक होती. चारही घरांच्या किल्ल्या मोहनकडे होत्या. पहिल्या वर्षी लोक दिवाळीला येतात, दुसऱ्या वर्षी फोन करतात, तिसऱ्या वर्षी घर बघायला दलाल येतो. बायको, मालती, पुण्याला गेली तर हे घर उठलं, हे त्यांना कळत होतं आणि त्यांना भीती वाटली. आजवर बदलीचीही इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती.

गुरुवारी सकाळी ते डबा घेऊन इस्पितळात गेले. न्हाणीघरात पाय घसरल्याचं निमित्त होऊन मालतीबाईंचा खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया ठीक झाली होती.

"पलंग आला का?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"आला आणि गेला."

सगळं ऐकून मालतीबाई इतक्या हसल्या, की टाके ओढले गेले आणि डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई! ती नोटीस तुम्ही मोहनला हिंदीत दिली होती ना? लागू पडली हो!"

"हस तू. दुकानातून भाड्याने आणला तरी तोही गेटवरच अडणार. मोहन म्हणतो, लिख के दे दो."

"मग द्या लिहून." त्यांचं हसू ओसरलं होतं. "मला पुण्याला नाही जायचं हो. मेघा करेल सगळं, पण तिथे दिवसभर मी कुणाची वाट बघत बसू?"

"देतो लिहून. आजच देतो."

मालतीबाईंनी पांघरूण सारखं केलं आणि छताकडे पाहत म्हणाल्या, "तारे वहिनींना आपण नव्हतं दिलं लिहून."

'आपण' म्हणून मालतीबाईंनी दोष वाटून घेतला होता. खरं तर त्या वेळी "द्या हो, एक खुर्चीच तर आहे," असं त्यांनी दोनदा म्हटलं होतं आणि मनोहररावांनी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं होतं, की एकाला दिलं की शहाण्णव येतील.

संध्याकाळी मनोहररावांनी सोसायटीच्या खोलीचं कुलूप काढलं. सवलतीच्या अर्जांची एक फाइल त्यांनीच लावली होती. स्वतःचा अर्ज लिहून ते तो फाइलला लावायला गेले, तर वरचाच कागद एकसष्ट नंबरच्या वासंती तारे यांचा होता. तारे मूळचे ग्वाल्हेरचे. नवरा कॉलेजात भूगोल शिकवायचा. अर्ज मराठीत होता, बहुधा मनोहरराव मराठी म्हणून. 'यांना आडवं झालं की दम लागतो. पाठ मागे करता येणारी खुर्ची मागवली होती, ती गेटवरून दोनदा परत गेली. फक्त एकदा आत येऊ द्यावी, ही विनंती.' खाली हिरव्या शाईत मनोहररावांचा शेरा होता : नियमानुसार. अमान्य. तारीख बरोबर अकरा महिन्यांपूर्वीची.

तारे त्यानंतर दोन महिन्यांनी गेले. मनोहरराव भेटायला गेले होते, तेव्हा कोपऱ्यात एक प्लास्टिकची खुर्ची होती. तिच्या पाठीला आणि हातांना जुन्या साडीने उशा बांधलेल्या होत्या. त्यांनी ती पाहिली होती. ओळखलीही होती. पण त्या दिवशी ते तब्येत, पेन्शनचे कागद, मुलगा कधी परत जाणार, असलंच काही बोलत राहिले होते.

आता स्वतःच्या अर्जावर 'मान्य' लिहायला त्यांनी पेन उघडलं. मग टोपण लावलं आणि खोलीला कुलूप घालून ते एकसष्ट नंबरकडे निघाले.

वाटेत त्यांनी एक वाक्य तयार केलं होतं. संपूर्ण वसाहतीची गैरसोय लक्षात घेता, असं सुरू होणारं. वासंतीबाईंनी दार उघडलं आणि ते वाक्य पार उडून गेलं.

"बसा न," त्या म्हणाल्या.

"नको, उभाच बरा आहे. तो सात नंबरचा नियम उद्या काढून टाकतोय. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं."

"मालतीवहिनींचा पलंग येणार आहे न?"

"हो."

"म्हणजे तुमच्यासाठी निघणार तो."

"हो," मनोहरराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार? "माझं चुकलं, वहिनी."

छत्तीस वर्षांत त्यांनी 'सदर चूक अनवधानाने झाली' असं शेकडो वेळा लिहिलं होतं. हे साधं वाक्य मात्र पहिल्यांदाच तोंडातून निघालं.

वासंतीबाई म्हणाल्या, "चुकलंच. खुर्ची आली असती तर हे वाचले असते, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी आधीच सांगून दिलं होतं. पण सत्तावन्न रात्री ह्यांनी त्या प्लास्टिकवर बसून काढल्या. मी तर सोबतच होते, मला माहीत आहे." त्यांनी दाराची कडी हातात धरली. "काढा तुम्ही नियम. वहिनींना त्रास नको व्हायला."

त्यांनी चहा विचारला नाही. मराठी घरातून चहाशिवाय परत जाणं म्हणजे काय, हे मनोहररावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शुक्रवारी सकाळी त्यांनी फलकावर कागद चिकटवला : नियम क्रमांक सात तत्काळ प्रभाव से निरस्त. सभेची मंजुरी मागाहून घेता येईल; कार्योत्तर मंजुरी ही सोय सरकारने उगाच ठेवलेली नाही. सही त्यांनी निळ्या पेनने केली.

मोहनने एकेक अक्षर लावत कागद दोनदा वाचला. "मतलब अब सब जाने दूँ, साब? पक्का?"

"पक्का."

"फिर नोटिस तो नहीं देंगे?"

"नहीं रे बाबा. वो भी गलत थी."

चार वाजता ट्रक आला. "क्यों खां, आज तो अंदर जाएगा न?" ड्रायव्हरने खिडकीतून अस्सल भोपाळी थाटात ओरडून विचारलं. मोहनने गेटचे दोन्ही पल्ले उघडले. गंजलेली खालची कडी निघेना, तर दगडाने ठोकून काढली. मनोहरराव ट्रकच्या पुढे चालत होते आणि दारादारात उभी राहिलेली माणसं त्यांच्याकडे पाहत होती. कुणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

शनिवारी दुपारी मालतीबाई घरी आल्या. दोघा माणसांनी त्यांना उचलून पलंगावर ठेवलं, आणि मनोहररावांचे हाल सुरू झाले. पलंगासोबतचं माहितीपत्रक त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलेलं होतं. तरी पाठ जास्त उचलली की मालतीबाईंचा खुबा ठणके, कमी उचलली की पाठीला रग लागे.

"राहू द्या हो," त्या थकून म्हणाल्या. "पुण्याला जाण्यापेक्षा हे बरंच आहे."

इतक्यात दार वाजलं. वासंतीबाई झाकलेलं पातेलं घेऊन आल्या होत्या. "पातळ खिचडी आहे," असं म्हणून त्यांनी ते ओट्यावर ठेवलं आणि पदराला हात पुसत थेट पलंगाच्या उशाशी गेल्या. मालतीबाईंच्या पाठीखाली त्यांनी तळहात सरकवला.

"हँडल कुठं आहे?"

"खाली. पायाकडे," मनोहरराव म्हणाले.

"फिरवा मग. मी सांगते."

मनोहरराव एक हात पलंगाच्या दांडीला धरून कष्टाने गुडघ्यांवर बसले आणि हँडल फिरवू लागले.

"अजून," वासंतीबाई म्हणाल्या. "अजून थोडं. नाही, हे जास्त झालं. मागे घ्या. हळू... बस."

मालतीबाईंनी एक लांब श्वास सोडला. त्यांच्या कपाळावरची आठी गेली आणि डोळे मिटू लागले.

वासंतीबाईंनी हात अलगद काढून घेतला. "एवढ्यावर ह्यांना झोप लागायची," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "उशा बांधून मी रोज एवढंच करायची. पण पहाटेपर्यंत सरकून जायच्या."

त्या थोडा वेळ झोपलेल्या मालतीबाईंकडे पाहत राहिल्या. मग पलंगाच्या पायथ्याशी त्यांची नजर गेली.

"झालं, उठा न आता," त्या म्हणाल्या.

मनोहररावांचा हात हँडलवरच होता. त्यांना लगेच उठता आलं नाही.