बनीचा गाभा

डर्बनच्या किनाऱ्यावरच्या नव्या इंडियन रेस्टॉरंटात दोनशे रँडचा बनी हा पावाचा पदार्थ समोर आला आणि कोगिलाअम्मांचा पारा चढला. पाव पोखरून त्यात मटणाचा रस्सा काठोकाठ भरला होता. पण पोखरून काढलेला मऊ गाभा काही रिवाजाप्रमाणे वर ठेवला नव्हता!

"अम्मा, जाऊ दे ना," त्यांचा मुलगा लोगन कुजबुजला.

"जाऊ दे काय? पैसे अख्ख्या पावाचे घेतात ना? मग माझा गाभा कुठाय?"

अम्मा तरातरा स्वयंपाकघरात शिरल्या. आचारी तोच गाभा रश्श्यात बुडवून, डोळे मिटून खात होता.

अम्मा धावतच परतल्या. "लोगन, आणखी एक मागव! रोज रांधणाऱ्यालासुद्धा राहवत नाहीये रे! दोनशेत फुकटच म्हणायचं. या खेपेला मात्र मी तिथे उभी राहते."